जुनं टेनामेंट घेताना पैसे नेमके कशाचे द्यायचे?

बडोद्यात मध्यम बजेटमध्ये घर शोधणाऱ्या कुटुंबासमोर फिरून फिरून दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे शहराच्या कडेला नव्या स्कीममधला फ्लॅट. दुसरा म्हणजे मांजलपूर, कारेलीबाग, सुभानपुरा, निझामपुरा किंवा वाघोडिया रोडवरच्या एखाद्या जुन्या सोसायटीतलं टेनामेंट. हे टेनामेंट कसं असतं ते आपल्याला पाठ आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं, एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, पुढे ओटा आणि स्कूटर मावेल एवढं अंगण, मागे चौकडी (धुण्याभांड्यांची मोकळी जागा), वर गच्ची. रिफायनरी, फर्टिलायझर, आयपीसीएल, रेल्वे, विद्यापीठ, बँका इथल्या नोकरदारांनी हप्ते भरभरून ही घरं उभी केली. ती पिढी आता थकली, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात स्थिरावली आणि घरं विकायला निघाली आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या आवाक्यात येणारं स्वतःचं घर हेच आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पायाखाली आपली जमीन असते, वर आपली गच्ची असते आणि शेजार जुना असतो.

अडचण किंमत ठरवताना येते. घर बघायला गेलं की डोळे आधी नव्या टाइल्सवर, मॉड्युलर किचनवर, फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर जातात. विकणाराही तेच दाखवतो: ‘‘गेल्याच वर्षी किचनला सहा लाख घातले.’’ पण किचन, टाइल्स, रंग, नळ, दरवाजे हे सगळं तुम्ही घर घेतल्यावर कधीही बदलू शकता, आणि बहुतेक जण बदलतातच. बदलता येत नाही ती जमिनीची उंची, पाया, घराची दिशा, गल्लीची रुंदी आणि दस्तावेजांची साखळी. जुन्या, सर्वसाधारण घराची खरी किंमत या न बदलणाऱ्या गोष्टींत असते. म्हणून मी लेखात टाइल्सबद्दल जवळजवळ काहीच लिहिणार नाही.

आधी जमीन वेगळी, बांधकाम वेगळं

टेनामेंटचा भाव ‘एवढ्या लाखांना’ असा ठोक सांगितला जातो. तो मनात दोन भागांत तोडायचा. जमीन झिजत नाही, बांधकाम दरवर्षी झिजतं. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) साधारण हेच करतो. आरसीसी स्लॅबच्या पक्क्या घराचं आयुष्य तो बहुधा ६० वर्षं धरतो, शेवटी १० टक्के भंगारमूल्य उरेल असं मानतो आणि उरलेले ९० टक्के वयाच्या प्रमाणात वजा करत जातो.

आकडे घालून बघू. हे आकडे फक्त गणितासाठी मानलेले आहेत, ते कुठल्याही भागाचे दर नाहीत. प्लॉट १,२०० चौरस फूट, जमिनीचा दर फुटाला ४,००० रुपये. म्हणजे जमीन ४८ लाखांची. बांधकाम १,१०० चौरस फूट. तेच आज नव्याने बांधायला फुटाला १,८०० रुपये लागतील असं धरलं तर १९ लाख ८० हजार. घर ३५ वर्षांचं आहे. ३५ भागिले ६०, त्याच्या ९० टक्के, म्हणजे ५२.५ टक्के घसारा. बांधकामाचे उरले साधारण ९ लाख ४० हजार. जमीन आणि बांधकाम मिळून ५७ लाख ४० हजार.

आता या घरासाठी कोणी ६८ लाख मागत असेल, तर वरचे साडेदहा लाख कशाचे, हा प्रश्न तुम्ही शांतपणे विचारू शकता. कॉर्नरचा प्लॉट, रुंद रस्ता, मागे मोकळी जागा अशी कारणं असतील तर ती जमिनीची कारणं आहेत, त्यांचा विचार करावा. किचनचं कारण असेल तर नाही.

या गणितात सगळ्यात नाजूक आकडा जमिनीच्या दराचा. तो वेबसाइटवरच्या जाहिरातींतून घेऊ नका, तिथे फक्त विकणाऱ्याची अपेक्षा दिसते. त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या सोसायटीत गेल्या वर्षा-दीड वर्षात खरोखर झालेले दोन-तीन सौदे शोधा. ब्रोकर सांगतो, पण सोसायटीचे सेक्रेटरी जास्त नेमकं सांगतात, आणि सब-रजिस्ट्रारकडून इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढला तर कागदावर दाखवलेली रक्कमही कळते. जंत्री हा सरकारी दर आहे. त्यावर स्टॅम्प ड्युटीची किमान पातळी ठरते, बाजारभाव त्याहून वर किंवा खाली असू शकतो. गुजरातेत १५ एप्रिल २०२३ पासून जंत्रीचे जमिनीचे दर दुप्पट झाले, त्यामुळे जुने हिशोब आता चालत नाहीत.

पाणी कुठवर आलं होतं?

बडोद्यात जुनं घर बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, भाव नंतर. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते आणि वळणं घेत शहराच्या मधून जाते. वर आजव्याचं सरोवर भरलं की पाणी तिच्यातच सोडावं लागतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहरावर सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. समा, कारेलीबाग, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुंजमहुडा, वडसर या भागांतल्या कित्येक घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली काही घरं आता ताजा रंग लावून विक्रीला असतील.

भाग पूरग्रस्त म्हणून तिथलं प्रत्येक घर वाईट, असं नसतं. एकाच सोसायटीत पहिल्या गल्लीत गुडघाभर पाणी आणि चौथ्या गल्लीत पायरीही न ओली झालेली, असं होतं. म्हणून चौकशी घराघराची करायची. घरमालकाला विचाराच, पण समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजी-आजोबांनाही विचारा: ‘‘काकू, चोवीसच्या पुरात इथे पाणी कुठवर आलं होतं?’’ लोक हात लावून दाखवतात. शेजाऱ्याला सौद्यात काही मिळायचं नसतं, त्यामुळे तो बहुधा खरं सांगतो.

घरातल्या खुणा रंगाने झाकल्या जातात, पण सगळ्या नाही. खालच्या स्विचबोर्डची प्लेट काढून आतला गाळ बघा. लाकडी चौकटींचा खालचा फूटभर भाग फुगलेला आहे का, कपाटांच्या प्लायचे पाय सुटले आहेत का, बिजागऱ्या एका ठरावीक उंचीखालीच गंजल्या आहेत का, ते पाहा. विजेचं मीटर अलीकडे वर उचलून बसवलेलं दिसलं तर त्याचं कारण विचारा.

याहून महत्त्वाची, आणि लोक हटकून विसरतात अशी गोष्ट म्हणजे जोत्याची उंची. १९८५ च्या सुमारास घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं. मग रस्त्यावर थरावर थर पडत गेले. आज काही घरांत एक पायरी उरली आहे, तर काही घरं रस्त्याच्या पातळीला किंवा खाली गेली आहेत. अशा घरात पूर येण्याचीही गरज नसते. तासभर जोराचा पाऊस झाला आणि गटार तुंबलं की पाणी आत येतं, बऱ्याचदा बाथरूमच्या जाळीतूनच उलटं. जॅक लावून घर उचलणारे लोक आहेत, पण सामाईक भिंतीच्या टेनामेंटमध्ये शेजाऱ्याचं घर तिथेच ठेवून आपलं उचलायचं, हे काम अतिशय अवघड आहे. तेव्हा जोतं रस्त्याखाली गेलेलं घर मी साधारण भावात घेऊ नका असंच सांगेन. जमिनीच्या भावात मिळत असेल आणि पाडून नव्याने, उंच जोत्याचं बांधायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा. दिवाळीच्या आधी-नंतर भिंती कोऱ्या असतात, काही बोलत नाहीत. जुलैत गच्चीवर पाणी कुठे साचतं, छताला कुठे डाग उमटतो, गल्लीतलं पाणी किती वेळात ओसरतं, हे अर्ध्या तासात कळतं.

भेगा, ओल आणि सळया

जुन्या घराच्या भिंतीत भेगा असणारच. त्या बघून घाबरून मागे फिरायचं नाही, आणि ‘‘प्लास्टरची आहे हो’’ या उत्तरावर समाधानही मानायचं नाही. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या रेघा बहुतेक प्लास्टरच्याच असतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे सरळ आडवी किंवा उभी रेघ दिसते, कारण दोन्ही साहित्य उन्हात वेगवेगळं फुगतं. तीही फारशी काळजीची नाही. काळजी तिरक्या भेगेची. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून भिंतीवर तिरपी चढत जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग सहसा सांगते की पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचला आहे. तीच भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसली, किंवा रुपयाचं नाणं तिच्यात सहज शिरलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आल्याशिवाय पुढची बोलणी नको.

याचं मूळ बऱ्याचदा मातीत असतं. बडोदा आणि आसपासच्या पट्ट्यात कुठे भुसभुशीत गोराडू माती आहे तर कुठे काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि तिच्यावरचा उथळ पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. पाया त्या थराच्या खाली नेलेला असेल तर घर शांत राहतं. हे बाहेरून दिसत नाही, पण ओट्याचा भाग मुख्य घरापासून सुटलेला, फरशी एका बाजूला कललेली, दारं पावसाळ्यात एका कोपऱ्यात घासणारी अशा खुणा एकत्र दिसल्या की अंदाज येतो. शेजारच्या दोन-तीन घरांतही तशाच भेगा असतील तर तो मातीचा गुण समजावा.

स्लॅबच्या सळया हा दुसरा मोठा विषय. काँक्रीट नवं असताना आतलं लोखंड गंजत नाही, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि लोखंडाभोवती संरक्षक थर राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि हे संरक्षण हळूहळू संपतं. त्यात वरून पाणी मुरत असेल तर सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळईखालचं काँक्रीट फुगून सुटतं आणि एक दिवस छताचा पोपडा खाली पडतो. हे सगळ्यात आधी संडास-बाथरूमच्या छताला, पाण्याच्या टाकीखाली, छज्ज्यांना आणि जिन्याच्या पोटाला होतं. तिथेच बघा. एखाद्या काठीने छतावर हलकं ठोकत जा, भरीव आवाजात मध्येच पोकळ आवाज आला की तिथलं काँक्रीट सुटलेलं असू शकतं. एखाद्या छज्ज्यापुरतं असेल तर दुरुस्ती होते. पूर्ण स्लॅबच तसा असेल तर तुम्ही विकत घेताय तो फक्त प्लॉट, आणि भाव प्लॉटचाच द्यावा. फॉल्स सीलिंग असेल तर एक पट्टी काढून आत टॉर्च मारायला परवानगी मागा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तर आहे.

गच्चीवर चायना मोझॅक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) धड असेल तर उत्तम. पाणीही अडतं आणि पांढऱ्या रंगामुळे एप्रिल-मेची उष्णताही कमी लागते. पण जुना थर न काढता त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असं वॉटरप्रूफिंग चढवलेलं असेल तर स्लॅबवर विनाकारण ओझं वाढलेलं असतं. पॅरापेटची उंची बघितली की हे कळतं. बांधताना कमरेपर्यंत असलेली भिंत आता मांडीपर्यंत आली असेल, तर मधलं अंतर थरांनी खाल्लं आहे.

ओल कुठून येते ते वेगळं ओळखायला हवं. छताखालची ओल गच्चीची, मधल्या भिंतीवरची ओल पाइपची, आणि जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली, लोणा फुटून रंग भुकटीसारखा झडणारी ओल जोत्याची. पहिल्या दोन दुरुस्त होतात. तिसरी जुन्या विटांच्या घरात पूर्ण जाणं कठीण, त्यामुळे भिंतीला नुकत्याच लावलेल्या टाइल्स किंवा पीव्हीसी पॅनेल फक्त खालच्या तीन फुटांपुरतीच दिसली की मी थांबून बघते.

आणखी एक. १९७०-८० च्या दशकांतली बरीच टेनामेंट्स भारवाहक भिंतींची आहेत, म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला. यात हॉल मोठा करायला मधली भिंत काढता येत नाही. आधीच्या मालकाने काढली असेल तर तिच्या जागी बीम घातला आहे का, हे इंजिनिअरने बघितलंच पाहिजे. वर मजला चढवायचा विचार असेल तरीही तसंच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत बांधकामाची शिस्त बदलली. त्याआधीच्या बऱ्याच घरांत भूकंपाचा विचार करून सळया किंवा पट्टे घातलेले नसतात.

वायरिंग, नळ, वाळवी यांवर फार वेळ घालवायचं कारण नाही, पण बघून ठेवा. जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि अर्थिंग नसलेले बोर्ड असतील तर पूर्ण घर नव्याने वायर करावं लागेल. वीजबिलावर मंजूर लोड किती ते वाचा, एसी लावताना तो वाढवावा लागतो. गंजलेल्या जुन्या लोखंडी (जीआय) पाइपांतून वरच्या नळाला धार बारीक येते. महापालिकेचं पाणी ज्या वेळेला येतं त्याच वेळेला एकदा जा आणि किती दाबाने, किती मिनिटं येतं ते पाहा.

कागद

घर कितीही भक्कम असलं तरी कागद कच्चे असतील तर ते घर घेऊ नये. या बाबतीत मी तडजोड सुचवत नाही.

आधी मालकी कसली आहे ते समजून घ्या. काही टेनामेंट्सचा स्वतंत्र नोंदणीकृत दस्तावेज असतो. काहींत जमीन सहकारी सोसायटीच्या नावे आणि सभासदाकडे फक्त शेअर सर्टिफिकेट आणि अलॉटमेंट लेटर असतं. दुसरा प्रकार चुकीचा नाही, पण तिथे सोसायटीची मंजुरी, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ट्रान्सफर फी हे विषय येतात, आणि बँकही जास्त कागद मागते. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा टाइटल सर्च (मालकीहक्काची तपासणी) करून घ्या. पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी कुठेही तुटता कामा नये. सोबत सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, बिनखेतीचा (एनए) हुकूम, बांधकामाची रजा चिठ्ठी म्हणजे परवानगी आणि मंजूर नकाशा, महापालिकेची भरलेली वेराबिलं (घरपट्टीची बिलं) मागा. मंजूर नकाशा हातात धरून घरभर फिरा. मागे चौकडी झाकून केलेली खोली किंवा वरची रूम नकाशात नसेल तर बँक तिची किंमत धरणार नाही, आणि तुम्हीही धरू नये.

जुन्या घरांतला खरा गुंता वारसांचा. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं आणि मृत्युपत्र न करता ते गेले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा समान हिस्सा असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतःच मुलाएवढा हक्क दिला. त्यामुळे घरात राहणारा भाऊ एकटाच सौदा करत असेल तर पेढीनामा (वारसांची वंशावळ) मागा आणि लग्न होऊन नागपूरला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या बहिणींची सही कुठे आहे ते विचारा. ‘‘ताईचं काही म्हणणं नाही’’ हे तोंडी वाक्य पुरेसं नाही. एकतर तिने दस्तावेजावर सही करावी, नाहीतर आधी हक्क कमीचा, म्हणजे हक्क सोडल्याचा, नोंदणीकृत दस्त व्हावा. हे मी बहिणीच्या बाजूनेही सांगते. तिच्या नावावरचं तिला न विचारता विकलं जाऊ नये.

परदेशातल्या मालकाच्या वतीने कोणी कुलमुखत्यारपत्रावर विकत असेल, तर ते पत्र खरं आहे, इथे रीतसर स्टॅम्प झालेलं आहे आणि देणारी व्यक्ती हयात आहे, याची खात्री करा. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपतं. फक्त मुखत्यारपत्र, बानाखत (साठेखत, म्हणजे विक्रीचा करार) आणि पैशांची पावती या तीन कागदांवर ‘घर आपलं झालं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे की अशा व्यवहाराने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्तावेजच हवा.

बडोद्याच्या काही भागांना अशांत धारा लागू आहे. १९९१ च्या या कायद्यानुसार अधिसूचित भागातली मालमत्ता विकायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते आणि ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. तुमचं घर त्या यादीत येतं का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, कारण परवानगीला वेळ लागतो आणि तो बानाखतात धरावा लागतो.

हातात किती पैसे हवेत?

वरच्याच उदाहरणाकडे येऊ. ५७ लाख ४० हजार ही त्या वयाच्या, नीट ठेवलेल्या घराची किंमत निघाली. आता दुरुस्ती वजा करायची, पण सगळी नाही. पस्तीस वर्षांची वायरिंग जुनीच असणार, ते घसाऱ्यात आधीच धरलेलं आहे, ते पुन्हा कापलं तर विकणाऱ्यावर अन्याय होतो. कापायचं ते वयापेक्षा जास्त बिघडलेलं: सुटलेलं काँक्रीट, गळकी गच्ची, तुंबलेली गटारलाइन. हा खर्च साडेतीन लाख धरला तर भाव ५३ लाख ९० हजारांवर येतो. इंजिनिअरने लेखी दिलेला अंदाज समोर ठेवून बोललं तर बोलणी भांडणाकडे जात नाहीत.

या भावावर गुजरातेत ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी आणि १ टक्का नोंदणी फी, मिळून ३ लाख १८ हजार. जंत्रीने किंमत जास्त येत असेल तर ड्युटी त्या आकड्यावर. दस्तावेज फक्त स्त्रीच्या नावे केला तर नोंदणी फी माफ होते, इथे सुमारे ५४ हजार वाचतात. राहायला जाण्याआधीची सगळी कामं, वायरिंग-नळांसकट, आठ लाख धरू. एकूण ६५ लाखांच्या पुढे, वकील आणि दलाली वेगळी.

३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी धरत नाही. म्हणजे कर्ज ४३ लाखांच्या आसपास. ‘‘वीस टक्के भरले की झालं’’ या हिशोबाने अकरा लाख जमवून निघालेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात बावीस लाख लागतात. शिवाय घराचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त हवं असं बँक बघते, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या घरावर वीस वर्षांचं कर्ज मिळेलच असं धरू नका. सौदा पक्का करण्याआधी बँकेच्या व्हॅल्युअरचा आकडा हाती घ्या.

थोडी रक्कम रोख द्या, दस्तावेज कमीचा करू, असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, बँक फक्त कागदावरची रक्कम मानते, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कमी दिसून कर तुम्हालाच जास्त पडतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर देय रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा एनआरआय असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागत नाही, बराच जास्त कर कापावा लागतो. तो न कापता सगळे पैसे दिले तर नोटीस तुम्हाला येते. अशा सौद्यात बानाखताआधी सीएला भेटा.

बानाखत नोंदणीकृत करा आणि त्यात तारखांसह लिहून घ्या: टाइटल क्लियर होणं, कर्जमंजुरी, सोसायटीचा दाखला, लागू असेल तर कलेक्टरची परवानगी, आणि यातलं काही अडलं तर बयाणा परत. घर रिकामं मिळणार, हेही लिहा. वरच्या खोलीत भाडेकरू किंवा दूरचा नातेवाईक राहत असेल तर तो निघाल्यावरच शेवटचा हप्ता. ताबा घेताना वेराबिल, वीजबिल, गॅस आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्या तारखेपर्यंत भरल्याच्या पावत्या आणि आधीच्या मालकांकडचे सगळे मूळ जुने दस्तावेज मोजून घ्या. आणि दस्तावेज झाल्यावर लगेच प्रॉपर्टी कार्डावर, वेराबिलावर आणि वीजमीटरवर आपलं नाव चढवायचे अर्ज द्या. हे काम लोक दोन-दोन पिढ्या राहू देतात, आणि आज बाजारात अडकून पडलेल्या कित्येक जुन्या टेनामेंट्सचं कार्ड अजूनही आजोबांच्याच नावावर आहे.